लाभ, दोन, तीन

माझा पुतण्या पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. 2020 च्या टाळेबंदीत तो बायको-पोरांना घेऊन तीन महिने गावाकडं येऊन राहिला. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना त्यानं मला विचारलं, "काका, उद्या सगळंच बंद पडलं, बँका, मोबाइल, दुकानं, तर अदलाबदलीला घरात काय ठेवलेलं बरं? सोनं का चांदी? का तांब्याच्या कांबी?" परदेशात लोक तळघरात चांदीची नाणी, मीठ, साखर, काडेपेट्या असलं काय काय साठवून ठेवतात म्हणे. एवढ्या चांदीला एवढे दिवस, अशी गणितंही त्यानं मांडून ठेवली होती.

त्याला हसावं असं मला वाटलं नाही. कारण हा प्रश्न आमच्या घरात पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि त्याचं उत्तरही मिळालं होतं. त्या उत्तरावर मी शिकलो, मास्तर झालो, आता पेन्शन खातो. तरीही ते उत्तर बरोबर होतं का, हे मला आजतागायत नीट सांगता येत नाही. म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूला. खोल काळी जमीन. पाऊस कमी, पण एकदा का हस्ताचा नीट पडला की त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राहते. मालदांडीची भाकरी खाल्लेल्या माणसाला दुसरी भाकरी गोड लागत नाही. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगाच नाही. पण कोठार भरतं ते चार वर्षांतून एखाद्या वर्षी, आणि ते बाकीच्या तीन वर्षांना पुरवावं लागतं. म्हणून आमच्याकडं पेवं होती. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. तळाला आणि कडेनं काड-कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा काड, मग दगडाची फरशी आणि माती. असं लिंपलं की ज्वारी तीन-चार वर्षं टिकायची. थोडी काळी पडायची, कुबट वास यायचा, पण पोटाला चालायची.

माझे आजोबा, त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. साठवणीचं त्यांचं एक शास्त्र होतं. ते म्हणायचे, "सोनं दाखवायला, चांदी मोडायला, तांबं-पितळ गहाण टाकायला, लोखंड राबायला आन् जोंधळं जगायला." एका वाक्यात त्यांनी सगळा जमाखर्च बसवला होता. सोन्याच्या ते फारसे नादी लागले नाहीत. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं सोन्याची लगड घरात ठेवायची बंदी झाली होती, तेव्हा तर त्यांनी हात जोडले. चांदीवर मात्र जीव. राणीछाप रुपये त्यांनी एका तांब्यात घालून देवघराच्या भिंतीत पुरले होते. एक रुपया म्हणजे बरोबर एक तोळा. 1940 च्या आधीचे रुपये चांगल्या चांदीचे, पुढचे निम्म्या चांदीचे, आणि 1947 साली निघाले ते नुसते निकेलचे. आबांना लिहिता-वाचता फार येत नव्हतं, पण दगडावर रुपया टाकून आवाजावरून ते साल सांगायचे. बंदा रुपया खणखणतो, म्हणायचे, आन् हलका रुपया बद्द बोलतो.

आज वाटतं, त्यांच्या शास्त्रात एक गोष्ट अगदी पक्की होती. दुष्काळात सगळ्यांचीच चांदी एकाच वेळी बाहेर येते. ज्याला त्याला मोडायची असते, घेणारा कुणी नसतो. म्हणजे जिच्यावर आपण वाईट काळाची मदार ठेवलेली असते ती वस्तू वाईट काळातच स्वस्त होते, आणि धान्य महागतं. ज्याच्याजवळ नुसती चांदी तो दोन्ही बाजूंनी मारला जातो. ज्याच्याजवळ ज्वारी आहे त्याच्या उंबऱ्यावर चांदी आपल्या पायांनी चालत येते. आबांना हे ठाऊक होतं. त्यांचं पेव भरलेलं होतं.

1972 ला मी अकरा वर्षांचा होतो. आधीची दोन वर्षं कशीबशी गेली होती, त्या वर्षी काहीच आलं नाही. विहिरींचे तळ उघडे पडले. बैलं कवडीमोलानं गेली. सरकारी दुकानात अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, तो खाऊन पोरांची पोटं दुखायची. माणसं पाझर तलावाच्या आणि खडी फोडायच्या कामावर जाऊ लागली. दुपारी तिथं सुकडी मिळायची. तिचा गोड खरपूस वास अजून नाकात आहे.

माघात आबांनी पेव उघडलं. फरशी काढली की लगेच आत उतरायचं नसतं. आत वाईट हवा कोंडलेली असते, माणूस जागीच मरतो. आबांनी दिवसभर तोंड उघडं ठेवलं आणि मग दोरीला बांधून कंदील खाली सोडला. कंदील तेवत राहिला तशी माणसं उतरली. तीन वर्षांपूर्वीची ज्वारी वर आली. त्या वासानं गल्ली भरून गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या सोप्यात माणसं यायला लागली.

पहिल्यांदा पैसे घेऊन आली. मग पितळेची घागर, तांब्याचा हंडा. मग जोडवी, वाळे, करदोडे. आबा तागडीत तोलायचे आणि पायलीनं ज्वारी मोजून द्यायचे. आमच्याकडं माप मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन. खळ्यावर रास मोजतानाही तसंच. पहिलं माप देवाचं, बरकतीचं. मी शेजारी बसून ते ऐकायचो. लाभ कुणाचा, असं तेव्हा मनात आलं नाही.

एक बाई आली. आमच्या रानात खुरपायला यायची, आम्ही पोरं तिला मावशी म्हणायचो. तिनं मनगटातले चांदीचे गोठ काढायला घेतले, ते निघेनात. माझ्या आज्जीनं तेल आणून दिलं. गोठ निघाले तेव्हा मनगटावर गोऱ्या कातड्याची दोन वळी राहिली, बाकी हात उन्हानं काळा. वीस तोळे भरले. आबांनी आठ पायल्या ज्वारी ठरवली. सुगीच्या दिवसांत त्याच गोठांना दीड पोतं जोंधळं आलं असतं, असं आज्जी पुढं कितीतरी वर्षं म्हणायची.

आज्जी तेव्हा मध्ये पडली. म्हणाली, "मोडीत घेऊ नगा. गहाण म्हणून ठिवा. पाऊस पडल्यावर सोडवंल बिचारी."

आबा म्हणाले, "कशावरनं सोडवंल? आन् गहाणाचं जोंधळं मी कुणाकडनं भरून घेऊ?"

आज्जी म्हणाली, "ह्याच मातीत दामाजीपंत झालं. त्यांनी कोठार उघडं केलं की."

त्यावर आबांनी दिलेलं उत्तर मी विसरलो नाही. ते म्हणाले, "दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार लुटवलं. हे पेव माझं हाय. आन् माझी भरपाई द्यायला इठोबा येत नसतोय."

सोप्यातली माणसं हसली. मावशीसुद्धा हसली. आणि आबांनी माप भरायला घेतलं. पायली भरली की वर आपोआप ज्वारीची शीग उभी राहते. एरवी आमच्या घरातून कुणाला धान्य द्यायचं तर शिगेसकट द्यायचं, ही रीत. त्या दिवशी आबांनी पायलीच्या तोंडावरून तळहात फिरवला, शीग पाडली, आणि म्हणाले, "लाभ." पुन्हा भरली, पुन्हा हात फिरवला, "दोन." आठही पायल्या अशाच.

आता आबांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी त्यांच्यावर अन्याय करीन. घरात अकरा माणसं खाणारी होती. पुढच्या मृगात पाऊस पडेल याची हमी कुणी दिली नव्हती. सगळं पेव फुकट वाटलं असतं तर महिन्याभरात तळ दिसला असता, आणि मग आमचीच माणसं दुसऱ्याच्या सोप्यात उभी राहिली असती. शिवाय ते पेव आपोआप भरलं नव्हतं. चांगल्या वर्षी शेजाऱ्यांनी ज्वारी विकून लग्नं केली, तेव्हा आबांनी ती जमिनीत पुरली. त्यासाठी लोकांनी त्यांना कवडीचुंबक म्हटलं ते त्यांनी ऐकून घेतलं. साठवणारा माणूस नसता तर त्या माघात मावशीला आठ पायल्याही मिळाल्या नसत्या. साठा करणं हे पाप नाही. जो साठवत नाही तो वाईट काळात ना स्वतःच्या उपयोगी पडतो, ना दुसऱ्याच्या.

पण खायला साठवणं वेगळं आणि अदलाबदलीला साठवणं वेगळं. हा फरक समजायला मला फार वर्षं लागली. मी खाण्यासाठी ज्वारी ठेवली तर माझा हिशेब माझ्या भुकेशी असतो. अदलाबदलीसाठी ठेवली की माझा हिशेब दुसऱ्याच्या भुकेशी सुरू होतो. त्याची भूक जेवढी मोठी, तेवढी माझी पायली महाग. माझ्या साठ्याला किंमत यावी म्हणून कुणाचं तरी पेव रिकामं असावं लागतं. मी तसं मनात आणत नाही, पण हिशेबात ते धरलेलं असतंच.

आणि मग वस्तूवस्तूंतला फरकही दिसायला लागतो. ज्वारीला टोके लागतात, उंदीर लागतो, पेवात पाणी झिरपलं की कडेची फळी काळी पडते. ती मालकाला स्वस्थ बसू देत नाही. खा, नाहीतर दे, असं सारखं म्हणत असते. गूळ दुसऱ्या पावसाळ्यात पाझरतो. मिठाला पाणी सुटतं. चांदीचं तसं नाही. फार तर काळी पडते, चिंचेनं घासली की पुन्हा पांढरी. तिला दहा वर्षं पेटीत ठेवलं तरी ती काही मागत नाही, कुणाची आठवणही करून देत नाही. लोक धातू साठवायला का धजतात तर तो कुजत नाही म्हणून. मला वाटतं, जे कुजत नाही त्याच्या शेजारी माणसाचं मनही स्वस्थ झोपतं, आणि धोका तिथंच आहे.

आज्जीनं ते गोठ मोडू दिले नाहीत. एका फडक्यात बांधून, त्याला गाठ मारून, आपल्या पेटीच्या तळाशी ठेवले. आबांच्या लेखी ती खरेदी होती, आज्जीच्या लेखी गहाण. एकाच पेटीत एकच वस्तू, आणि नवरा-बायकोचे दोन हिशेब. पुढं पाऊस पडला. दोघं-तिघं आपली भांडी सोडवायला आले, आबांनी कुरकुर करत दिलीही. मावशी आली नाही. ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती.

1979 ला मी डी.एड.ला सोलापूरला जायचं ठरलं. तोवर आज्जी गेली होती. खोलीचं भाडं, खाणावळ, पुस्तकं, पैशाची जुळणी होईना. आईनं पेटी उघडली, फडकं सोडलं. मी म्हणालो, "ते मावशीचं हाय." आई म्हणाली, "सात वर्सं झाली, बाळा. आता कुठली मावशी?" मी गप्प बसलो. सोनारानं गोठ वितळवले. माझ्या डोळ्यांदेखत ते मऊ झाले, गोल झाले, आणि ते कुणाच्या मनगटाचे होते हे कुणालाही सांगता येणार नाही असे झाले. धातूचा हा गुण साठवणाऱ्याला फार सोयीचा पडतो.

मास्तर झाल्यावर मी त्या दुष्काळावर मिळेल ते वाचत गेलो. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या या दुष्काळावर लिहिलं आहे. 1973 च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. धान्याची एवढी तूट असूनही लोक मोठ्या संख्येनं उपासमारीनं मेले नाहीत, याचं मोठं कारण ती कामं. मजुराच्या हातात रोजचा रोज चार पैसे पडले, म्हणून त्याला बाजारातलं धान्य घेता आलं. ते वाचताना मला मावशीचे हात आठवले. भूमिहीन माणसाचा साठा म्हणजे त्याचे दोन हात. दुष्काळात त्या हातांना कुणी गिऱ्हाईक नसतं. रानात कामच नाही तर खुरपं कशाला? आम्ही सावड, इर्जिक, शेजारधर्म यांच्या गोष्टी सांगतो, आणि त्या खऱ्याही आहेत, पण सावड ज्याला रान आहे त्याची ज्याला रान आहे त्याच्याशी. तिच्या हातांना त्या वर्षी किंमत दिली ती पाझर तलावाच्या कामानं. पुढं 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. तिचे गोठ त्याआधीच गेले होते.

मला ती भेटली ती वीस-बावीस वर्षांनी. गावात परत येऊन लेकाजवळ राहत होती. मी तिच्या घरी गेलो. चहा झाला. मी खिशातून पाकीट काढलं आणि गोठांचा विषय काढला. ती म्हणाली, "पैसं कशाला, मास्तर? तवा त्या जोंधळ्यावर माझी दोन लेकरं जगली. तुमच्या घराचं उपकारच हायती."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिनं मला दोष दिला असता तर मी आबांची बाजू मांडली असती, वर लिहिली तशी. उपकार म्हटल्यावर मला काही बोलता येईना.

मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "एकच मनात ऱ्हायलंया. गोठाचं न्हाय. गोठ काय, आज हायती उद्या न्हाईती. पर आबांनी शीग पाडली. सगळ्यांच्या म्होरं हात फिरविला." आणि तिनं हवेत आपला तळहात आडवा फिरवून दाखवला, अगदी आबांसारखा.

वीस तोळे चांदी ती विसरली होती, किंवा विसरायला तयार होती. पायलीवरची मूठ-मूठ ज्वारी विसरली नव्हती. गोठ तिनं गरजेपोटी दिले होते, तो सौदा होता. सौद्यात माणूस नाडला जातो हे तिला कळत होतं, आयुष्यभर ती तेच बघत आली होती. पण शीग हा सौद्याचा भाग नव्हता. दोन माणसं एका गावात राहतात याची ती खूण होती, आणि नेमकी तीच त्या दिवशी काढून घेतली गेली.

त्या वर्षी ज्वारी झाल्यावर मी एक पोतं तिच्या दारात नेऊन उतरवायला लागलो. ती म्हणाली, "असलं दान नगं मला. माप आणलंय का?" मी घरी जाऊन आबांची पायली घेऊन आलो. तिच्या अंगणात पोतं उसवलं आणि मोजायला बसलो. पहिली पायली भरली, शीग उभी राहिली, आणि मी म्हणालो, "एक."

ती म्हणाली, "एक काय म्हणतोस? लाभ म्हण."

आठ पायल्या झाल्यावर तिनं हात करून थांबवलं. पोत्यात राहिलेली ज्वारी तिनं घेतली नाही. माझं देणं संपलं असं मी मानत नाही. आठ पायल्या आणि दीड पोतं यांच्यातला फरक अजून माझ्या अंगावर आहे, आणि तो फेडून घ्यायला ती आता हयात नाही.

हे सगळं मी पुतण्याला त्या संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे काहीच ठेवायचं नाही का काका?"

असं मी म्हणत नाही. ठेव बाबा. वर्षाची ज्वारी ठेव, डाळ ठेव, मीठ, गूळ, काडेपेट्या ठेव. चार पैसे हातात रोख ठेव, तेही बेतानं, कारण 2016 ला रातोरात नोटा कागद झाल्या ते आपण बघितलंय. सुनेच्या अंगावर थोडं सोनं असू दे. चांदी घ्यायची तर घे. पण ती मोडायची वेळ येईल तेव्हा तिचा भाव तुझ्या हातात नसेल, एवढं धरून चाल. शिवण, गवंडीकाम, मोटार दुरुस्ती, असलं काहीतरी हातानं करायचं शीक. त्याला टोके लागत नाहीत आणि ते वितळवताही येत नाही.

पण ठेवायच्या आधी एक गोष्ट ठरव, आणि ती आत्ताच ठरव, पोट भरलेलं असताना. उद्या तुझ्या वाड्यातला शेजारी, तुझ्या लिफ्टमध्ये रोज भेटणारा, आपल्या बायकोची बांगडी घेऊन तुझ्या दारात उभा राहिला तर तू कुठल्या मापानं देणार? वाईट काळात हे ठरवता येत नाही. आबा दुष्ट नव्हते. त्यांनी घरातल्या अकरा माणसांची तोंडं बघितली आणि हात आपसूक फिरला. तो कसा फिरेल, हे त्यांनी सुगीत ठरवायला हवं होतं.

पुतण्या पुण्याला परत जाताना काय काय घेऊन गेला. ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, लसणाच्या गड्ड्या. गाडीत सामान भरून झाल्यावर तो पुन्हा आत आला आणि म्हणाला, "काका, ती पायली देता का?"

मी म्हणालो, "तुझ्या घरात तिचा काय उपयोग? तिकडं सगळं किलोवर."

तो म्हणाला, "असू दे. डब्यावर ठेवतो."

मी फडक्यानं पुसून ती त्याच्या हातात दिली.